देवत्व पावलेल्या सम्राटांचे सोने आणि गोदा-प्रवरेचा प्रदेश

रोमन साम्राज्यात मृत सम्राटाला सेनेटच्या ठरावाने देवांच्या पंक्तीत बसविण्याची जी प्रथा इ.स.पू. पहिल्या शतकात सुरू झाली आणि पुढे जवळपास चार शतके टिकली, तिचा सर्वांत बोलका पुरावा त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर आहे. देवळे पडली, पुतळे फुटले, पुरोहितमंडळे विसर्जित झाली; पण ज्या नाण्यांवर त्या सम्राटांचे मुखवटे आणि त्यांच्या देवत्वाची घोषणा ठसविली गेली होती ती नाणी जमिनीत सुरक्षित राहिली आणि त्यांतली पुष्कळशी भारताच्या जमिनीत राहिली. त्यामुळे हा विषय इटलीच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही. ज्या व्यापारी मार्गांनी हे सोने दख्खनेत उतरले त्यांतला एक महत्त्वाचा मार्ग आजच्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातून जात होता, आणि त्या मार्गावरच्या लोकांनी परक्या देव-सम्राटांच्या नाण्यांचे काय केले हा प्रश्न त्या नाण्यांवर काय कोरले होते या प्रश्नाइतकाच विचार करण्याजोगा आहे.

प्रथम मूळ प्रथेकडे पाहावे लागते. सम्राट मरण पावल्यावर त्याचा वारस सेनेटपुढे, म्हणजे रोमच्या प्रतिष्ठितांच्या सभेपुढे, त्याच्या देवत्वाचा प्रस्ताव आणीत असे. प्रस्ताव मान्य झाला की मृताला ‘दिवुस’ ही पदवी मिळे, त्याच्यासाठी देऊळ आणि पुजारी नेमले जात, आणि या सर्व विधीला ‘कोन्सेक्रातियो’, म्हणजे देवपदी प्रतिष्ठापना, असे नाव होते. जन्मतः देव असलेल्यांसाठी लॅटिनमध्ये ‘देउस’ हा शब्द होता. माणूस म्हणून जगून नंतर देवत्व मिळालेल्यांना ‘दिवुस’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि जिवंत सम्राटाने आपल्या राजधानीत स्वतःला देव म्हणवून घेऊ नये हा संकेत बहुतेकांनी पाळला. चितेवरून गरुड सोडला जाई आणि तो मृताचा आत्मा आकाशात नेतो असे मानले जाई. सम्राट ऑगस्टसच्या बाबतीत तर त्याचा आत्मा वर जाताना आपण पाहिला अशी शपथ घेणारा न्युमेरियस अ‍ॅटिकस नावाचा एक सेनेटर होता आणि ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिने त्याला मोठी रक्कम दिली असे रोमन इतिहासकारांनी नोंदविले आहे.

या परंपरेचा आरंभ ज्यूलियस सीझरपासून होतो. इ.स.पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ भरविलेल्या खेळांच्या दिवसांत आकाशात धूमकेतू दिसला आणि तो सीझरचाच आत्मा होय असे लोकांनी मानले. इ.स.पू. ४२ मध्ये सेनेटने त्याला देव ठरविले. त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन, जो पुढे ऑगस्टस झाला, याने या घटनेचे महत्त्व इतरांच्या आधी ओळखले: बाप देव ठरला की मुलगा आपोआप ‘दिवी फिलियुस’, म्हणजे देवत्व पावलेल्याचा पुत्र, ठरतो. इ.स.पू. ३६ मध्ये त्याने काढलेल्या सोन्याच्या नाण्यावर सीझरचे देऊळ दिसते आणि त्याच्या दर्शनी भागावर तारा आहे. ते देऊळ प्रत्यक्षात इ.स.पू. २९ मध्ये अर्पण झाले, तेव्हा नाण्यावरचे देऊळ दगडी देवळाच्या सात वर्षे आधी लोकांच्या हातात पोचले होते.

सोन्याच्या या नाण्याचे नाव ‘ऑरियस’. ऑगस्टसच्या काळी ते पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरत असे, इ.स. ६४ मध्ये नीरोने ते सव्वासात ग्रॅमच्या जवळ आणले, आणि चांदीचे पंचवीस ‘दिनारियस’ म्हणजे एक ऑरियस असा हिशेब होता. ऑगस्टस स्वतः इ.स. १४ मध्ये वारला आणि महिनाभरातच देव ठरला. त्याचा वारस तिबेरियस याच्या एका ऑरियसवर एका बाजूस तिबेरियसचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस ऑगस्टसचे मस्तक असून त्याच्यावर तारा कोरलेला आहे. नीरोने क्लॉडियससाठी चार घोड्यांचा अलंकृत रथ दाखविणारी नाणी काढली. हेड्रियनने ट्राजनसाठी राखेतून पुन्हा जन्मणारा फिनिक्स पक्षी निवडला. पुढे चिन्हांची एक ठरीव भाषाच तयार झाली: सम्राटासाठी गरुड, सम्राज्ञीसाठी मोर, दोघांसाठी मजल्यामजल्यांची रचलेली चिता. इ.स. १६१ मध्ये अँटोनिनस पायस वारल्यावर निघालेल्या नाण्यांवरची चिता चार टप्प्यांची असून तिच्या शेंड्यावर रथ आहे, आणि कडेने ‘कोन्सेक्रातियो’ ही अक्षरे फिरतात.

या सगळ्या मालिकेत अँटोनिनस पायसने आपल्या पत्नीसाठी काढलेली नाणी वेगळी उठून दिसतात. थोरली फॉस्टिना इ.स. १४० च्या सुमारास वारली. सेनेटने तिला ‘दिवा’ ठरविले आणि पतीने पुढची वीस वर्षे, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तिच्या नावाची नाणी सोने, चांदी आणि कांसे अशा तिन्ही धातूंत पाडविली. काही नाण्यांवर ‘एतेर्नितास’, म्हणजे चिरंतनता, हा शब्द आहे, काहींवर धान्यदेवता केरेस आहे. रोमच्या चौकात तिच्यासाठी बांधलेले आणि नंतर दोघांचे झालेले देऊळ आजही उभे आहे. राज्यकर्त्याला वारसाहक्क सिद्ध करण्याची निकड नसताना इतकी वर्षे चाललेले हे स्मरण राजकारणापलीकडचे होते असे मानायला जागा आहे. बाकी बहुतेक प्रसंगी मात्र देवत्व हे वारसाच्या सोयीचे होते. तिबेरियस, कॅलिगुला, नीरो आणि डोमिशियन यांना ते मिळालेच नाही. हेड्रियनला देव मानण्यास सेनेट तयार नव्हते आणि अँटोनिनसने आग्रह धरून ते करविले, म्हणून त्याला ‘पायस’, अर्थात कर्तव्यनिष्ठ, हे नाव पडले अशी एक जुनी परंपरा आहे. मृत सम्राटाचे नाणे ते पाडविणाऱ्या वारसाविषयीही त्या सम्राटाइतकेच सांगते, हे या नाण्यांचे वाचन करताना विसरून चालत नाही.

भारतात रोमन नाण्यांचे जे साठे सापडले त्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांची नाणी सर्वाधिक आहेत. ऑगस्टसच्या त्या नाण्यांवर त्याच्या नावामागे ‘दिवी फिलियुस’चे लघुरूप आहे, तर तिबेरियसच्या नाण्यांवर ‘देव ऑगस्टसचा पुत्र’ असा उल्लेख आहे. म्हणजे मृत सम्राटाचे चित्र असलेली खास स्मारकनाणी भारतात थोडी आली असली, तरी त्याच्या देवत्वाची घोषणा जवळपास प्रत्येक नाण्याबरोबर समुद्र ओलांडून आली. फॉस्टिनेच्या नावाचे एक सुवर्णनाणे आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याच्या उत्खननात मिळालेले आहे. हे धन कशासाठी येत होते हे रोमन लेखक प्लिनीने तक्रारीच्या सुरात लिहून ठेवले आहे: भारत दर वर्षी साम्राज्यातून पाच कोटी ‘सेस्टर्स’ ओढून घेतो असा त्याचा अंदाज होता, आणि चार सेस्टर्स म्हणजे एक दिनारियस या हिशेबाने ती रक्कम पाच लाख ऑरियसांची होते.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी-मार्गदर्शिकेकडे वळावे लागते. तिच्या अज्ञात लेखकाने बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे उतरणाऱ्या मालात इटलीची मद्ये, तांबे, कथील, काच यांच्याबरोबर सोन्याचांदीचे दिनारियस नोंदविले असून स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल फायद्याची होते असे म्हटले आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून खडतर वाटांनी भडोचला नेले जाई. कोकणातल्या बंदरांतून वर चढणारी दुसरी वाट नाणेघाटाने जुन्नरला येऊन पुढे पैठणकडे जात असे, आणि जुन्नर-पैठण यांच्या मधला बहुतांश मुलूख आजच्या नगर जिल्ह्याचा आहे. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते ते प्रवरासंगम नेवासे तालुक्यात आहे, आणि पैठण त्या संगमाच्या खाली, गोदावरीच्याच काठी आहे.

म्हणून नेवाशाला या विषयात मानाचे स्थान आहे. मराठी वाचकाला ते ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव म्हणून, पैसाच्या खांबामुळे ठाऊक असते. पुरातत्त्वाला ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या उत्खननामुळे ठाऊक आहे. अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचे थर एका ठिकाणी सलग मांडणाऱ्या या कामाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातल्या एका कालखंडाला उत्खननकर्त्यांनी ‘इंडो-रोमन’ असेच नाव दिले. दख्खनेतल्या सातवाहन राजांची नाणी, मणी, मातीच्या मूर्ती यांच्याबरोबर तिथे ‘अँफोरा’चे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे निमुळत्या बुडाचा, दोन कानांचा उंच रांजण. भूमध्य समुद्राकडची मद्ये आणि तेले त्यातून जहाजाने येत. समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून, प्रवरेच्या काठी असा रांजण पोचला होता, यावरून त्या मालाला इथे गिऱ्हाईक होते आणि त्या गिऱ्हाइकाजवळ बदल्यात देण्यासारखे काही होते हे निश्चित होते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आणि भोकरदन व तेर येथील हस्तिदंती कोरीवकाम याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकांची साक्ष देतात.

आंध्र, तमिळनाडू आणि केरळ यांच्या मानाने महाराष्ट्रात रोमन नाणी फार थोडी सापडली आहेत, याचे कारण येथे ती आली नाहीत असे नसून ती वितळविली गेली हे असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पश्चिम क्षत्रप या राजघराण्याची चांदीची नाणी मुबलक आहेत आणि त्यांना चांदी कोठून तरी लागतच होती. सोन्याविषयी एक अमोल नोंद नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात देव आणि ब्राह्मण यांना दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचा उल्लेख असून पस्तिसांचा एक सुवर्ण या दराने त्यांची किंमत दोन हजार सुवर्ण होते असा हिशेब कोरलेला आहे. कार्षापण हे चांदीचे चलन. त्या काळी दख्खनेतल्या राजांचे स्वतःचे सोन्याचे नाणे नव्हते. तेव्हा हा ‘सुवर्ण’ म्हणजे रोमन ऑरियस की उत्तरेतल्या कुषाणांचे त्याच्याशी जुळत्या वजनाचे सुवर्णनाणे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी परक्या टांकसाळीचे सोने नाशिकच्या दानपत्रात हिशेबाचे माप म्हणून वावरत होते, ही गोष्ट अबाधित राहते.

आता त्या नाण्यांवरच्या देवत्वाचे इकडे काय झाले हे पाहण्याजोगे आहे. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई संस्थानात ५०१ ऑरियसांचा साठा मिळाला आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर छिन्नीचा एक खोल घाव सम्राटाच्या मुखवट्यावर घातलेला आढळला. चलन म्हणून ते नाणे बाद करून केवळ वजनाचे सोने म्हणून वापरावे, किंवा आत हलका धातू नाही ना याची परीक्षा व्हावी, अशी कारणे सुचविली गेली आहेत. हेतू कोणताही असो, रोममध्ये ज्या मुखवट्याला धूप दाखविला जात होता त्याच्यावर छिन्नी चालविताना येथील व्यापाऱ्याला कोणताही अधर्म वाटला नाही. महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडले. तिथल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांवर नहपानाचा मुखवटा आणि ग्रीक वळणाची अक्षरे आहेत, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठसविली आहेत. जिंकलेल्या राजाचा चेहरा पुसण्यासाठी नाणे वितळविण्याची गरज त्याला वाटली नाही. त्याच चेहऱ्यावर आपला ठसा उमटणे हेच त्याला पुरेसे, कदाचित अधिक इष्ट, वाटले असावे.

याच्या उलट दिशेचाही पुरावा आहे. तेर आणि तेलंगणातील कोंडापूर येथे रोमन नाण्यांवरून साच्यात काढलेली मातीची पदके मिळाली आहेत. त्यांना दोरा ओवण्यासाठी भोक किंवा कडी असते, म्हणजे ती गळ्यात घालण्यासाठी होती. ज्याला सोने परवडत नव्हते त्यानेही परक्या सम्राटाचा मुखवटा दागिना म्हणून स्वीकारला. खुद्द सोन्याच्या नाण्यांनाही भारतात भोके पाडलेली आढळतात. दख्खनेतला हा प्रघात पुढे दीड हजार वर्षांनंतरही दिसतो: व्हेनिसच्या सोन्याच्या ‘डुकाट’ नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख कोरलेला असे, आणि तीच नाणी ओवून मराठी घरांत पुतळ्यांची माळ झाली. गुडघे टेकलेला कोण आणि आशीर्वाद देणारा कोण हे माळ घालणाऱ्या स्त्रीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सोने चोख आहे आणि त्यावर मूर्ती आहे, एवढ्याने ते नाणे मंगल ठरत होते. मातीच्या पदकांविषयीही असेच काही घडले असावे, असे म्हणण्यास हा उत्तरकालीन दाखला बळ देतो.

यावरून दख्खनेला मृत राजांचे स्मरण नको होते असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. नाणेघाटातल्या लेण्यात, सगळ्या व्यापाराच्या वाटेवरच, सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या. सिमुक, राणी नागनिका आणि श्री सातकर्णी यांची नावे त्यांच्या डोक्यांवरच्या अक्षरांत आजही वाचता येतात, जरी मूर्तींचे केवळ पायांचे अवशेष उरले आहेत. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, जे वर्णन कोरविले आहे ते तर रोमन देवत्वाशेजारी ठेवून वाचावे असे आहे. त्यात तो पराक्रमाने राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा म्हटला आहे, आणि युद्धात श्रेष्ठ हत्तीच्या खांद्यावरून आकाशात शिरला अशा आशयाचे एक विशेषणही त्याला लावले आहे. चितेवरून उडणाऱ्या गरुडाची येथे आठवण होते. तरी फरक मोठा आहे. बलश्रीचा पुत्र देवांच्या बरोबरीचा आहे, देव झालेला नाही. त्याच्या नावाने देऊळ उभे राहिले नाही, तर भिक्षुसंघाला लेणे दान झाले आणि मातेचा शोक पुण्यकर्मात उतरला. हा लेख गौतमीपुत्राचा वारस पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे. याच पुळुमावीचे नाव पैठणचा राजा म्हणून टॉलेमीच्या भूगोलात ग्रीक वळणाने आले आहे, आणि टॉलेमी अलेक्झांड्रियात लिहीत होता तो काळ अँटोनिनस पायसचा, फॉस्टिनेच्या नाण्यांचा होता. पत्नीला देवी करून तिचे सोने जगभर पाठविणारा सम्राट आणि पुत्राचे गुण डोंगराच्या भिंतीवर कोरून थांबणारी राजमाता हे एकाच व्यापाराच्या दोन टोकांना, जवळपास एकाच शतकात, होते.

नगर जिल्ह्यात गावोगाव मारुतीच्या देवळाजवळ उभे असलेले मध्ययुगीन वीरगळ हीच परंपरा सामान्य योद्ध्यापर्यंत आणतात: खालच्या चौकटीत तो लढून पडतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. स्वर्गात पोचलेला वीरही तिथे उपासकच राहतो. जामखेड तालुक्यातल्या चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरच्या टांकसाळीतून काढलेल्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलपत्र आहे, त्यांचा स्वतःचा चेहरा नाही. राज्य शिवाचे आणि आपण त्याचे कारभारी ही त्यांची भूमिका नाण्यानेच सांगितली. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त भारत सरकारने जे स्मारकनाणे काढले त्यावर मात्र त्यांची प्रतिमा आहे. मृत राज्यकर्त्याच्या पुण्याईशी स्वतःचे नाते जोडण्यासाठी पुढच्या सत्तेने नाणे पाडावे, ही रीत अशा रीतीने या भूमीतही आज रुजलेली दिसते, आणि ज्या स्त्रीने स्वतःचा मुखवटा टाळला तिच्या बाबतीत तर या रीतीचा विशेष विचार व्हावा.

या विषयाच्या पुढील अभ्यासाची सारी मदार नाणे कोठे, कोणत्या थरात आणि कशाबरोबर मिळाले या माहितीवर आहे. नेवाशाचा अँफोराचा तुकडा मोलाचा ठरला तो त्याच्याखालचे आणि वरचे थर नोंदवले गेले म्हणून. एरवी तो खापराचा तुकडाच होता. सोन्याच्या बाबतीत धोका अधिक, कारण नांगराच्या फाळाला लागलेले नाणे सोनाराच्या मुशीत गेले की त्याचे लेख, घाव आणि भोक या तिन्ही गोष्टी एकदमच नाहीशा होतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे प्रत्येक नाणे पुरावशेष ठरते. कळविताना नाणे घासून किंवा आम्लाने स्वच्छ करू नये, कडी लावलेली असेल तर ती काढू नये, आणि जवळच पडलेली खापरे, मणी, मातीची पदके टाकून देऊ नयेत. कारण छिन्नीचा घाव आणि दोऱ्याने झिजलेली कड ही गोदाकाठच्या माणसाने त्या सम्राटाच्या देवत्वाला दिलेली उत्तरे आहेत, आणि ती त्याच्या दुसऱ्या कोणत्याही लेखात मिळत नाहीत.